अक्रोडावरचे कडे

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी कडे आहे. मोरावा नदीकाठच्या एका गावात आलुबुखार आंबवायच्या पिंपाला लोहाराने मला घट्ट बसवले होते. पुढे पिंप कुजले. तेव्हा ओब्राद आणि तिहोमिर या दोन मित्रांनी मला ओब्रादच्या अंगणातल्या अक्रोडावर ठोकले, आणि माझ्यातून चेंडू पडू लागला. देवाने मला दुसरा जन्मच दिला म्हणा!

ओब्राद मोठा बास्केटबॉलपटू झाला. एका अंतिम सामन्याआधी त्याचा गुडघा सुजला. कप्तान होता तिहोमिर. तो म्हणाला, "पट्टी आवळ आणि खेळ." सामना जिंकला, गुडघा मात्र कायमचा गेला. मग ओब्राद प्रशिक्षक झाला आणि लंगडत लंगडत माझ्याखाली मुलींना शिकवू लागला. त्यांत सर्वांत तेज होती सेन्का, तिहोमिरचीच लेक. यंदा अंतिम सामन्याआधी तिचाही गुडघा सुजला. ओब्रादने तिला बाकावर बसवून ठेवले. संघ हरला आणि तिहोमिरने ओब्रादशी बोलणेच टाकले.

हिवाळ्यात ओब्रादच्या घरी कुळाच्या संताचा सण आला. या दिवशी कोणाला आमंत्रण द्यायचे नसते. ज्याला घर आपले वाटते, तो आपणहून येतो. तीस वर्षे सर्वांआधी तिहोमिर येत असे. यंदा तो आलाच नाही तर? या धास्तीने ओब्रादने माझ्याखाली उभे राहून त्याला चक्क फोन केला.

"अरे लेका, काय केलंस हे!" खिडकीतून त्याच्या आईने कपाळावर हात मारला. "परक्यासारखं बोलावणं? आता तो कसला येतोय!"

मासे तळून झाले, सणाची मेणबत्ती लागली. तेवढ्यात फाटक धाडकन उघडले.

"ओब्राद, बाहेर ये!" तिहोमिर अंगणातूनच गरजला. "तीस वर्षं या घरचं खातोय, आणि आज मला पाहुणा केलंस?"

"मला वाटलं, तू येणार नाहीस."

"नव्हतोच येणार! भांडायला आलोय."

ओब्राद कठडा धरून एकेक पायरी उतरू लागला. तिहोमिर त्या गुडघ्याकडे बघत राहिला. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"अजून दुखतो का रे?"

"थंडीत."

"पट्टी आवळायला मीच सांगितलं होतं."

"तुझ्या पोरीला ते सांगायला माझी जीभ रेटली नाही, तिहो."

तिहोमिरने बाहीने डोळे पुसले आणि त्याच्या बगलेत हात घातला. "चल आत. आणि आईला सांग, मला कोणी फोनबिन केलेला नाही."

दोघे आत गेले. थोड्याच वेळात आतून स्तोत्राचे सूर आले. माझ्यावर बर्फ साचत होता, तरी मला ऊब वाटली.

मित्रांनो, मी वाकले तर लोहार मला सरळ करील. गुडघा देवाने घडवला आहे, त्याला लोहार मिळत नाही. त्याला जपा. आणि जमले तर माझा गंज खरवडून रंगाचा एक हात द्या. वसंतात सेन्का परत खेळायला येणार आहे.