आवाज आला नाही

"एक, दोन, तीन... साहेब, ऐकू येतंय का?"

बिरूने बटण सोडले. हातातल्या वॉकीटॉकीतून नुसती खरखर आली.

चिकलठाण्याच्या कारखान्यातले हे संच आजवर गंगापूरकडे उसाच्या फडांत वापरले जात. आता तेच लष्कराला हवे होते: जाड पेटीचे, पाणी न शिरणारे, डोंगरातही तीन किलोमीटर आवाज नेणारे. बिरू धनगराचा, मेंढरांमागे चालून पाय तयार झालेले. संच घेऊन लांब चालत जायचे आणि आवाज कुठे तुटतो ते लिहायचे, हे त्याचे काम. नोकरी मात्र हंगामी.

विद्यापीठाच्या नामांतरावरून शहरात ताण होता, जागोजागी बंदोबस्त. "आज कशाला जातो? गंगापूरचाच आकडा लिहू," सुपरवायझर सर्जेराव म्हणाले होते.

"सपाटीचा आकडा डोंगराला कसा चालंल, साहेब?" म्हणून बिरू शेताशेतांतून शहरालगतच्या सातारा डोंगरामागच्या या दरीत उतरला होता.

तिथेच दोन पोलिसांनी त्याला गाठले.

"वायरलेस कुणाचा रे? कुणाला निरोप देतो?"

"कंपनीचा हाय. फौजेसाठी तपासून ऱ्हायलो."

"मग बोलाव की तुझ्या साहेबाला."

बिरूने पुन्हा पुन्हा बटण दाबले. खरखर.

"जरा टेकाडावर चला, तिथं लागतो."

"चौकीवर लागंल," हवालदार म्हणाला.

सर्जेराव सोडवायला आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. रस्त्यात ते म्हणाले, "आता गुमान तीन किलोमीटर लिही. ऑर्डर गेली तर तुला कायम कोण करंल?"

घरी बिरूची बायको बानाबाई पाच वर्षं कायम झाल्याच्या त्या एका कागदाची वाट बघत होती.

"साहेब, मला सोडवाया तुम्ही तरी आले. तिथं फौजी अडकला तर कोण येणार?"

दुसऱ्या दिवशी त्याने तपासणीच्या कागदावर लिहिले: दरीत, दीड किलोमीटरवर, आवाज आला नाही. खाली सही केली.

तो कागद पाहून लष्कराने नमुन्याचे संच परत पाठवले. नवे, लांब एरियल बसवून ते पास व्हायला सहा महिने लागले. कायम झालेल्यांच्या यादीत बिरूचे नाव नव्हते. त्याला पॅकिंगला टाकले होते.

लष्कराचा ट्रक आला त्या दुपारी तो एकेक संच पेंढ्यात निजवत होता, एरियल वाकू नये म्हणून खाली तळहात धरून.