नाव नसलेली भाजी

वसुमतीने कढई मागच्या दारी नेली आणि आतली भाजी केळीच्या बुंध्याशी ओतली. त्या आठवड्यातली ही तिसरी. पहिल्या दिवशी तीळ करपले होते, दुसऱ्या दिवशी चिंच जास्त झाली, आणि आज शेपूचा नुसता लगदा. तिने पायानेच वर माती लोटली, कढई घासली आणि पुन्हा गॅसवर ठेवली. साडेदहा वाजत होते. तिचा नवरा मधुकर कारखान्याच्या बसने सातलाच गेला होता.

लेक केतकी लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून वसुमतीला दुपारी स्वस्थ बसवत नव्हतं. सव्वीस वर्षं ती सासूबाईंनी पेणला शिकवलं तसंच रांधत आली होती. वालाच्या बिरड्यात गूळ किती, खोबरं किती, सगळं ठरलेलं. तरी मधुकर पहिला घास घेऊन थांबायचा. "आईचं असं नसायचं," एवढंच म्हणायचा आणि ताट मात्र पूर्ण संपवायचा.

सोमवारी तिने बाजारातून दोन किलो अवरेच्या, म्हणजे इकडच्या पावट्याच्या, शेंगा आणल्या. जानेवारीत बंगळूरभर त्यांचेच ढीग. सोलताना एक दाणा चिमटीत दाबला, तर सालीतून हिरवागार गर सुटून परातीत पडला. याचंही बिरडंच कशाला करायचं? तेव्हापासून हा प्रश्न तिची पाठ सोडत नव्हता.

या खेपेला तिने लसूण तेलात लाल होऊ दिली, दाणे घातले, पाणी बेताचंच ठेवलं. चिरलेला शेपू मुठीत धरून ती दाणे शिजायची वाट बघत उभी राहिली. मग गॅस बंद केला, शेपू टाकला, तिळाचं जाडसर कूट भुरभुरलं आणि झाकण ठेवलं. पाच मिनिटंही धीर निघेना. तिने चव घेतली. पुन्हा घेतली. मग कढई तशीच उचलून ती शेजारी गिरिजम्माकडे गेली.

"याला काय म्हणतात, अक्का?" गिरिजम्माने कन्नडमध्ये विचारलं. तिचा तिसरा घास चालू होता.

"अजून काही नाही."

"मग कढई इथेच राहू दे."

संध्याकाळी मधुकरच्या ताटात नेहमीचं बिरडं होतं.

दुसऱ्या दिवशी घरी येऊन बूट काढताना तोच म्हणाला, "मल्लाप्पांच्या डब्यात आज अवरेची भाजी होती. शेपू घातलेली. निम्मी मीच संपवली."

मल्लाप्पा म्हणजे गिरिजम्माचे यजमान. ते आणि मधुकर कारखान्यात एकाच विभागात होते.

"आवडली?"

"त्यांच्या मिसेसकडून शिकून घे. नीट विचारलंस तर जमेल तुला."

ओटा स्वच्छ होता, तरी वसुमतीने तो पुसायला घेतला.

"विचारते," ती म्हणाली.

पुढच्या दिवशी तिने पुन्हा अवरे सोलले. लसूण, दाणे, शेपू, तीळ, सगळं हाताशी मांडून घेतलं. पण तीच भाजी तशीच करायला हात वळेना. ती घरभर दोन फेऱ्या मारून आली आणि दाण्यांत एक कच्चा टोमॅटो चिरून टाकला.

संध्याकाळी मधुकरने घास घेतला आणि थांबला.

"मल्लाप्पांकडची अशी नव्हती."

"नव्हतीच. त्यात टोमॅटो नव्हता."

"मग त्यांनी सांगितलं तसं का नाही केलंस?"

"त्यांनी काय सांगायचं? तीही मीच केली होती."

मधुकरचा हात ताटातच राहिला. त्याने काहीतरी विचारायला मान वर केली, पण वसुमतीचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती आपल्या ताटातला घास सावकाश चावत होती. कपाळावर आठी होती.

"टोमॅटो जास्त झालाय," ती म्हणाली. "निम्मा पुरला असता."

"मला चालेल," मधुकर म्हणाला.

"मला नाही चालणार," वसुमती म्हणाली आणि आणखी एक घास घेऊन बघू लागली.