निळ्या राजाची खेळी

मित्रांनो, मी जुना आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. सुरू होताना मी खोकतो. किर्गिझस्तानातल्या काराकोलमधल्या एका पाच मजली इमारतीच्या तळघरात बूरमा एजेचा, म्हणजे बूरमाताईचा, संगणक क्लब आहे. तिथल्या चार नंबरच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याने तीन मेलेल्या संगणकांचे अवयव जोडून मला उभं केलं. त्यामुळे मला तीन जन्मतारखा आहेत, आणि त्यांतली एकही मला ठाऊक नाही. पण तेव्हा माझ्या अंगात जोर होता. शाळा सुटली की मुलं माझ्यासाठी भांडत. एकाने तर मला मिठी मारून जागा धरली होती. त्याला सोडवायला त्याची आई आली होती.

माझी खरी माणसं मात्र दोनच. तिलेक मिनीबस चालवायचा आणि मिरलान टायरची पंक्चरं काढायचा. संध्याकाळी दोघे माझ्यासमोर एकाच खुर्चीवर आळीपाळीने बसून राज्यांचा खेळ खेळत. तिलेक लाल राजा, मिरलान निळा. एकाची खेळी चालू असताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, कारण समोरच्याची फौज कुठे आहे हे बघणं म्हणजे चोरी. आणि दुसऱ्याच्या खेळीला हात लावणं म्हणजे त्याहून वाईट. हा नियम इतका कडक होता की आश्ल्यान-फूच्या थंड आंबट शेवयासुद्धा ते भिंतीकडे तोंड करूनच भुरकत. भिंतीवर एक शिळं कॅलेंडर होतं. मिरलानला त्या सरलेल्या वर्षाचे सगळे सण तोंडपाठ झाले होते.

तिलेककडे मतं भरपूर होती आणि ती तो सगळ्यांना फुकट वाटायचा. हल्ली खेळांना पुरवण्या निघतात, म्हणजे खेळ विकून झाल्यावर वर आणखी दोन किल्ले आणि चार राक्षस विकतात. त्यावर तो म्हणे, "मी मिनीबस घेतली तेव्हा चाकं पुढच्या वर्षी देतो असं कुणी म्हणालं नाही." खेळातल्या शिपायाला मुलं विकतच्या टोप्या घालत. त्यावर तो म्हणे, "माझ्याकडे खरी लोकरीची कल्पाक टोपी आहे. ती घालून अजून कुणी मला घाबरलेलं नाही." आणि दूरच्या अनोळखी माणसांशी खेळणाऱ्यांना तो सांगे, "शिव्या द्यायच्या तर समोर बसून द्याव्यात. नंतर चहा तरी पाजता येतो."

त्याचं लाडकं मत असं, की मिरलानला खेळता येत नाही.

"अरे, तू राजा आहेस की मेंढपाळ?" तो विचारी.

"मेंढपाळच. तुझ्या मेंढ्या मोजतोय," मिरलान भिंतीला सांगे.

आता एक गोष्ट सांगतो, जी फक्त मला माहीत होती, कारण दोन्ही राजे मलाच दिसत. मिरलानची सगळी फौज लाल राजधानीला लागून असलेल्या टेकडीमागे उभी होती. एक पाऊल टाकलं की खेळ संपला असता. तो रोज बसे, फौजेकडे बघे, काहीच न करता उठे आणि हरणाऱ्या माणसासारखा सुस्कारा सोडून म्हणे, "झाली माझी खेळी." संपूर्ण हिवाळा तो असाच हरत राहिला. डाव संपला तर उद्या यायला कारण काय उरणार?

मग एका संध्याकाळी तिलेकची खेळी झाली आणि बाहेर मिरलानच्या मामाच्या गाडीचा हॉर्न वाजला. रशियात, नोवोसिबिर्स्कला, मिरलानला गोदामात काम मिळालं होतं.

"माझ्या खेळीला हात लावू नकोस," मिरलान म्हणाला.

"मी काय चोर आहे?"

त्यानंतर तिलेक रोज एकटा यायचा. जपून ठेवलेला तो डाव उघडला की माझ्या काळ्या पडद्यावर अक्षरं येत: "निळे राजे, आपण तयार आहात का?" खाली एक बटण. तो ते दाबत नसे. थोडा वेळ अक्षरांकडे बघून डाव बंद करी आणि घरी जाई. वर्षं गेली. माझा पंखा घरघरू लागला. "तिलेक बाइके, तुमचा मित्र अजून भिंतीकडेच बघतोय का?" मुलं थोरल्या भावाला हाक मारावी तशी विचारत.

एजेने बाकीच्या सगळ्या संगणकांवर नवी पुरवणी टाकली, पण ती टाकली की जुने डाव उघडत नाहीत. म्हणून तिलेकने मला तसंच ठेवायला लावलं.

"चार नंबरवर एक पोरगं बसत नाही," एजे म्हणाली. "किती दिवस हे?"

"तो विचार करतोय, एजे."

"इतकी वर्षं?"

"अवघड खेळी आहे."

आणि मित्रांनो, मिरलान आला. चुलत भावाच्या लग्नाला आला होता. अंगाने भरला होता, हातात चॉकलेटचा खोका होता, आणि फोन सारखा वाजत होता. तिलेकने डाव उघडला, खुर्ची पुसली आणि तो जाऊन कॅलेंडरकडे तोंड करून उभा राहिला.

"मी कोण होतो रे? निळा?"

"निळा."

मिरलानने बटण दाबलं. टेकडीमागे त्याची फौज होती तशी उभी होती. मी माझा पंखा जमेल तेवढा जोरात फिरवला. वाटलं, आवाजाने तरी त्याला काही आठवेल.

"अरे, हे तर तुझ्या दारातच उभे आहेत," तो हसत म्हणाला, आणि त्याने ते एक पाऊल टाकलं. तुताऱ्या वाजल्या. "जिंकलो की."

तिलेक वळला. पडद्यावर दोन्ही राज्यं उघडी पडली होती.

"फौज कधी आणलीस तिथे?"

"काय माहीत. आधीपासूनच होती."

तिलेकने पडद्यावरच्या टेकडीवर बोट ठेवलं. मिरलान फोनवर कुणाला तरी "निघालोच" म्हणाला, मग त्याने तिलेकच्या पाठीवर थाप मारली. "नव्या पुरवणीत म्हणे ड्रॅगन आहेत. टाकून घे. तिकडून खेळू आपण."

"खेळू," तिलेक म्हणाला.

मिरलान गेल्यावर तिलेकने एजेला सांगितलं, "टाका पुरवणी." इतकी वर्षं मागे लागलेली एजे तेव्हा म्हणाली, "उद्या टाकू. आज राहू दे." आणि त्याच्यासमोर शेवयांचा वाडगा ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुरवणी टाकली, पण नोवोसिबिर्स्कहून अजून कुणी खेळायला आलेलं नाही. तिलेक रोज येतो. नव्या डावात लालची खेळी करतो, उठतो, भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, मग बसून निळ्याची करतो. निळी फौज त्याने टेकडीमागे आणून ठेवली आहे, आणि ती तिथून हलत नाही. ड्रॅगनांबद्दल त्याने अजून कुठलंही मत दिलेलं नाही.

मित्रांनो, माझ्या पंख्यातली धूळ अधूनमधून झटकत जा, एवढं मागणं आहे. आणि रोज तुमच्याकडून हरणारा कुणी मित्र असेल, तर तो गावात आहे तोवरच त्याला एकदा विचारा की बाबा, तुझी फौज खरी कुठे आहे. मला सगळं दिसत होतं. पण मला पडदा दिलेला आहे, तोंड नाही.