ग्रिझेलचा झगा

मेलेल्या पोरीचा झगा माझ्या जिवंत पोरीच्या अंगावर चढवायचा, हे मला मुळातच पटलं नव्हतं.

"समोर कुणी बसल्याशिवाय मला चेहरा जमत नाही गं, इसोबेल," माझा नवरा गिल्बर्ट म्हणाला.

"मग इतकी वर्षं एडिनबराला काय गवत उपटत होतास?"

उपटतच होता म्हणा ना! त्याच्या उस्तादानं रंग घोटून घेतले, सरदारांच्या छतांवर डाळिंबं आणि ढाली रंगवून घेतल्या. चेहऱ्याला हात लावू दिला नाही मेल्यानं. चेहरे हा आपला आपणच शिकला, आरशात स्वतःचं तोंड बघून. आता पिटकॅरीच्या बाईसाहेबांनी तापानं गेलेल्या लेकीची तसबीर सांगितली होती. साधली तर सगळं अ‍ॅबर्डीन आमच्या दारात. बिघडली तर पुन्हा छतं. म्हणून आमची एल्स्पेट त्या झग्यात बसली. वय तेच, केसही तसेच तांबूस.

पहिल्याच दिवशी ती खोकली. वाटलं, त्या तापाचं काही झग्यात राहिलं असेल. रोज झगा उतरवला की मी तिचं कपाळ चाचपायची. लापशी अर्धी टाकली तरी जीव वरखाली.

"उगाच घाबरतेस. काही होत नाही पोरीला," गिल्बर्ट म्हणायचा.

"तुला काय होतंय बोलायला!"

त्यात बाईसाहेब रोज येऊन बसू लागल्या. "माझी ग्रिझेल हसायची ती एका बाजूनं," त्या सांगायच्या, की हा लगेच ओठ बदलायचा. मग भुवई. मग हनुवटी. कापडावरून माझी पोर रोज थोडी थोडी पुसली जात होती. मला बघवेना.

काम संपलं तेव्हा त्यानं तसबीर बाईसाहेबांकडे वळवली. त्यांनी तसबिरीकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या पोरीकडे. तसबीर राहिली बाजूलाच. गुडघ्यांवर बसून त्यांनी हात पसरले.

"ग्रिझेल?"

गिल्बर्ट पांढराफटक पडला. ही माझी आहे, बाईसाहेब, माझी! असं ओरडायला मी पुढे झाले.

एल्स्पेटनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीवरून उतरून ती त्यांच्या मिठीत गेली.

"हो, आई," ती म्हणाली.

बाईसाहेब हमसून हमसून रडायला लागल्या. मी हात पुढे केला. पण पोरीला ओढून घेणं काही मला जमलं नाही. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती, तिला बरं नसलं की मी फिरवते तसा.