होडी टटलांची

फेब्रुवारीत रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या ट्रकने पुलाजवळची पाटी पाडली. ओतीव धातूची जुनी पाटी, पण मधोमध चिरली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘१८८३च्या महापुरात नावाडी एझ्रा टटल याने येथे अकरा जणांचे प्राण वाचवले.’ एझ्रा टटल म्हणजे माझे पणजोबा. आमच्या ऑल्डन फेरी गावात तीन चर्च आणि एक वीर, आणि तो वीर आमच्या घरातला. लहानपणी त्या पाटीजवळून जाताना माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. खरं सांगायचं तर चौऱ्याहत्तराव्या वर्षीही चढायचं.

नवी पाटी हवी तर राज्याच्या कार्यालयाला घटनेच्या काळातला लेखी पुरावा द्यायचा, असा आता नियम आहे. १९५७ साली पाटी लागली तेव्हा कुणी काही मागितलं नव्हतं. मजकूर माझ्या वडिलांनी लिहिला, गावाने माना डोलावल्या, झालं. आमच्या इतिहास मंडळाची पाट्यांची समिती म्हणजे मी आणि ल्यूशस बील. ल्यूशसने चाळीस वर्षं गावात टपाल वाटलं, त्यामुळे दुसऱ्याच्या कागदात नाक खुपसायची त्याला सवयच आहे.

लायब्ररीत गावच्या जुन्या साप्ताहिकाची मायक्रोफिल्म यंत्रावर लावली. अर्ध्या तासात मथळा सापडला: ‘टटलच्या होडीने अकरा वाचले.’

“घ्या बाई, सापडले तुमचे पणजोबा,” ल्यूशस म्हणाला. “चल, आता बेकरीत चेरी-पाय खायला जाऊ. तो संपतो लवकर.”

“थांब रे, खालची बातमी वाचू दे.”

मला कुठे राहवतंय! बारीक अक्षरांत होतं की होडी टटलांची, पण ती वल्हवली त्यांच्या घरी कामाला असलेल्या कोरा डनिंग या सतरा वर्षांच्या मुलीने. चार खेपा केल्या. बातमीत एझ्राचं नाव पुढे कुठेच नव्हतं.

“मग पणजोबा होते कुठे?” मी विचारलं.

“फॉर्मला मथळा पुरे आहे, विनी. खालचं कोण वाचतंय?” ल्यूशसने चष्मा काढला. “हात दाखवून अवलक्षण कशाला?”

त्याचं म्हणणं शहाणपणाचं होतं. पण एकशे चाळीस वर्षांपूर्वी पुराच्या दिवशी माझे पणजोबा कुठे उभे होते, हे कळल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं. दुसऱ्या दिवशी मेथडिस्ट चर्चची जुनी वही उघडली. त्या पुरातून होडीने आणलेल्यांना चर्चच्या बायकांनी घोंगड्या दिल्या होत्या, आणि कुणाला दिल्या ते नीट लिहून ठेवलं होतं. अकरा नावं होती. सातवं नाव एझ्रा टटल, पुढे लिहिलं होतं, ‘धान्याच्या कोठाराच्या छपरावरून उतरवला.’

मी पुन्हा मोजलं. अकराच.

ल्यूशसला हसू आवरेना. “म्हणजे वाचवणाऱ्याने स्वतःलाही वाचवलं म्हणायचं!”

“दात काढू नकोस,” मी म्हणाले, आणि वही मिटून तडक घरी आले.

तीन दिवस मी धुमसत होते. आधी वडिलांवर, मग एझ्रावर, मग स्वतःवर. मथळा जोडून अर्ज पाठवला असता तर कुणाला पत्ता लागला असता? ल्यूशस पोटात ठेवतो. टपालवाल्याला ते जमतंच. पाटीवर सगळा मिळून चारच ओळींचा मजकूर बसतो, आणि तेवढ्यात मुख्य नाव एकच मावतं. मी टटल ठेवला असता तर टटल राहिला असता. मी फॉर्ममध्ये तसं लिहिलंही. मग आमच्या घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर जन्माच्या नोंदी आहेत, त्या पाहायला घेतल्या, एझ्राबद्दल काही चांगलं सापडेल म्हणून. त्याचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझे आजोबा, जन्मले १८८५ साली.

मी त्या सालावर बोट ठेवलं. मग फॉर्म फाडला आणि नवा घेतला.

सोमवारी ल्यूशसने तो वाचला. पहिल्या ओळीत कोरा डनिंग होती, टटल कुठेच नव्हता.

“होडी तरी तुमची ठेवायचीस,” तो हळूच म्हणाला.

“ओळी संपल्या.”

“बरं, आणि अनावरणाला पाटीवरचा पडदा कोण ओढणार? घराण्यातलं माणूस लागतं. मी चौकशी केली, कोराने लग्न केलं नाही. तिच्या मागे कुणी नाही.”

“मी ओढेन.”

“तू? तू तिची कोण?”

“पूर आला तेव्हा माझे आजोबा जन्मले नव्हते, ल्यूशस,” मी म्हणाले. “तिने त्या छपराकडे होडी वळवली नसती, तर मी कुठून आले असते?”

ल्यूशसने फॉर्मवर साक्षीदाराची सही केली.