आईची खूण

आईच्या प्रेताला आंघोळ मी घातली. धाकटी बहीण लम्याई बँकॉकहून पोहोचली तेव्हा शवपेटी बंद झाली होती. आमच्या घरात थोरल्या मुलीने मृताच्या अंगावर खूण करायची असते, म्हणजे माणूस पुन्हा घरात जन्मलं की ओळखू येतं. आईच्या पानाच्या डब्यातला, हळद घालून लाल केलेला चुना घेऊन मी खूण केली. कुठे केली, ते मूल जन्मेपर्यंत कोणाला सांगायचं नसतं.

मूल झालं ते लम्याईला. माझी कूस बारा वर्षं रिकामी, आणि बाईसाहेबांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी! पोरीच्या कपाळावर, थेट उजव्या पापणीपर्यंत, लालभडक डाग. अख्खं गाव हात जोडायला आलं.

"आईच आली गं ताई! तिथेच केली होतीस ना खूण?" लम्याईने विचारलं.

मी नुसती हसले. आतून जळफळाट होत होता.

सात महिन्यांनी पोरीचा डावा हात झटके देऊ लागला. आई डावखुरी होती. "बघा, आई पान कुटतेय!" म्हणून लम्याई टाळ्या पिटायची. आरोग्य केंद्रातली डॉक्टरीण मात्र हसली नाही.

"ही फिट आहे. कपाळावर असा डाग असला की कधी कधी आत मेंदूवरच्या रक्तवाहिन्याही बिघडलेल्या असतात. खोन केनच्या मोठ्या इस्पितळात नेऊन डोक्याचा स्कॅन करा. उशीर नको."

घरी येऊन लम्याई फणकारली, "आईला यंत्रात घालू? औषधाने ती निघून गेली म्हणजे?"

दुसऱ्या दुपारी हात थांबेचना. पोरीचे डोळे एका बाजूला वळले.

"खूण कपाळावर नव्हती," मी म्हणाले. "डाव्या टाचेवर होती."

"जळतेस तू! पहिल्यापासून जळतेस माझ्यावर!"

"हो, जळते. पहिल्याच दिवशी मी हिची टाच पाहिली. कोरी होती. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तू मिरवत होतीस आणि मी मनातल्या मनात हसत होते. म्हणून गप्प बसले."

लम्याईने पोरीचं पाऊल उलटं केलं. अंगठ्याने टाच घासून पाहिली. मग "धर हिला" म्हणाली आणि गाडीची किल्ली शोधायला धावली.

लम्याईने गाडी खोन केनच्या दिशेने दामटली. वाटेत कधीतरी पोरीचा हात थांबला आणि ती माझ्या मांडीवर झोपली. आई नव्हती ती, नुसती लम्याईची पोर होती. तरी ती माझी असायला हवी होती, असं मला वाटतच राहिलं.