पत्र्याच्या विहारात नागपूर

आमच्या विहाराचा पत्रा मजबूत होता, एवढाच त्याचा दोष. छत पत्र्याचं, भिंतीही पत्र्याच्या, दार लोखंडी, आणि उजेडाला हातभर रुंदीच्या दोन खिडक्या. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर वस्तीने पोटाला चिमटा काढून तो उभा केला होता. पुढे तिथे ट्रान्झिस्टर आला, तेव्हा वस्तीतल्या थोरल्या बाबारावकाकांनी सगळ्यांसमोर नियम केला की रेडिओ आतच वाजणार. त्याआधी गावच्या चावडीत सरकारी रेडिओ होता आणि आम्हाला तो पायरीखाली उभं राहून ऐकावा लागे. आता आपल्या छताखाली, आपल्या सतरंजीवर बसून ऐकायचं. नियम मलाही पटला होता.

पण या रेडिओचं वागणंच उफराटं. सिलोन खणखणीत लागे आणि नागपूर लावलं की नुसती खरखर. घरच्यांशी अबोला आणि समुद्रापलीकडच्यांशी गप्पा, असला कारभार. मी तो दारव्ह्याला नेला, तर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रहीमभाईंच्या ओट्यावर नागपूर असं बोललं की जाणारे-येणारे थांबले. परत विहारात आणला तर पुन्हा मुका. वाटेतल्या विहिरीत टाकून द्यावा, इतका राग आला.

एरवी मी नाद सोडला असता. पण येत्या रविवारी संध्याकाळी नागपूरहून माझी पुतणी प्रभावती गाणार होती. दादा गेल्यावर कांतावहिनीने तिला एकटीच्या हिमतीवर नागपूरच्या वसतिगृहात ठेवलं, तेव्हा नाकं मुरडणारे कमी नव्हते. गाणं एकदाच लागणार होतं. हुकलं की हुकलं. वहिनी रोज विहार झाडायला आली की रेडिओवरून पदर फिरवून जायची.

शनिवारी मी पुन्हा दारव्ह्याला गेलो. रहीमभाईंनी या खेपेला रेडिओ उघडलाच नाही.

"ठेवता कुठं तुम्ही याले?"

"विहारात."

"भिंती कायच्या हायेत?"

"पत्र्याच्या."

ते हसले. "मंग याची काय गलती? नागपूरची लहर लांबलचक, मिडियम वेव्ह. पत्रा तिले आत येऊ देत नाही, अन् तुमच्या खिडकीतून ते मावत नाही. सिलोनची शॉर्ट वेव्ह लहान, ते घुसते खिडकीतून. बाहेर नेऊन बसा."

रविवारी सगळी वस्ती विहारात जमली. मी हे सांगितलं आणि काकांचा चेहरा उतरला.

"पुन्हा बाहेर बसाचं? आयुष्य बाहेरच गेलं, श्रावण. मी नाही येत."

कोणी उठलं नाही. रेडिओ खरखरत राहिला, वेळ सरत होता. मी चिडलो होतो, पण काकांचं दुखणं खरं होतं.

तेवढ्यात वहिनी उठली. तिने रेडिओला हात लावला नाही. बायकांना उठवलं, सतरंजी गुंडाळली आणि बाहेर अंगणात लिंबाखाली नेऊन अंथरली. मग दारात येऊन सासऱ्याच्या जागी असलेल्या काकांना म्हणाली, "मामाजी, तवा उभं राहा लागे, अन् तेही दुसऱ्याच्या पायरीखाली. हे आंगण आपलं हाय अन् बसाले सतरंजी हाय. या."

काका काठी टेकत बाहेर आले आणि सतरंजीच्या मधोमध बसले. मी रेडिओ त्यांच्यापुढे ठेवला. काटा फिरवला आणि नागपूर स्वच्छ बोलायला लागलं. निवेदिकेने प्रभावतीचं नाव घेतलं, आणि मग पोरीचा आवाज आला, घरात यायचा तसाच, जरा घाबरलेला आणि नंतर मोकळा. वहिनी रडली आणि हसलीही.

आवाज रस्त्यापर्यंत जात होता. चावडीकडे निघालेले गावातले चार-सहा जण कुंपणाशी थांबले आणि तिथेच उभे राहून ऐकू लागले. काकांनी त्यांना पाहिलं.

"श्रावण," ते हळूच म्हणाले, "घरातून दुसरी सतरंजी आण. आपल्या इथं कोणी उभं राहून ऐकत नाही."